निसर्ग सुधारायला खाजगी पैसा: गिऱ्हाईक पाणी पिणारं की पावती घेणारं?

उंबरठा | सोमवार, २१:४०

कामानिमित्त गेले चार-पाच महिने एकाच विषयावरची कागदपत्रं उपसतोय: बिघडलेला निसर्ग पूर्ववत करायला खाजगी पैसा यावा म्हणून बाजार कसा रचायचा. वाचून एक मत तयार झालंय. इथली मंडळी ते उलटंपालटं करून बघतील या भरवशावर टाकतो.

आधी पैशाचा आवाका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या हिशेबानुसार निसर्गाधारित उपायांवर जगभरात वर्षाला साधारण २०० अब्ज डॉलर खर्च होतात. त्यात खाजगी ३५ अब्ज, बाकी सरकारी. आणि निसर्गाची वाट लावणाऱ्या धंद्यांत आणि अनुदानांत जातात वर्षाला सुमारे ७ लाख कोटी डॉलर. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला देशांनी कबूल केलं की बिघडलेल्या क्षेत्रापैकी निदान ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत सुधारणेचं काम सुरू झालेलं असेल. सरकारी तिजोऱ्यांकडे बघून हे जमणार नाही हे सगळ्यांना कळतं, म्हणून प्रत्येक परिषदेत 'बाजार' हा शब्द.

परिषदांमधला सूर असा असतो की जमीन आहे, शेतकरी तयार आहेत, फंडही तयार आहेत, फक्त 'गुंतवणुकीयोग्य प्रकल्प' मिळत नाहीत. मला हे उलटं वाटतं. गुंतवणूकदार दलदलीत पैसे घालत नाही. दलदलीसाठी पुढे कोणीतरी पैसे मोजणार आहे, त्या वायद्यात घालतो. तेव्हा पहिला प्रश्न: मोजणार कोण? मला दोनच जातीची गिऱ्हाइकं दिसली.

पहिलं, पाणी पिणारं. फ्रान्समधलं व्हिटेल घ्या. १९८० च्या दशकात तिथे झऱ्याच्या पाणलोटात मक्याची शेती वाढली आणि पाण्यात नायट्रेट चढायला लागलं. नैसर्गिक मिनरल वॉटर म्हणून विकायचं तर त्यावर रासायनिक प्रक्रिया करता येत नाही, त्यामुळे बाटलीवाल्या कंपनीला पळवाट नव्हती. तिने संशोधकांना काही वर्षं शेतकऱ्यांमध्ये बसवलं आणि १९९२ साली या कामासाठी वेगळी संस्था काढली. १८ ते ३० वर्षांचे करार झाले. मका बंद, कीटकनाशकं बंद, जनावरं बेताची. बदल्यात जमिनीवरची कर्जं कंपनीने अंगावर घेतली, गोठे सुधारून दिले, वर्षाचे पैसे दिले, शेणखत कुजवून शेतात पसरायचं कामही कंपनीच्या माणसांनी केलं. इथे कोणी क्रेडिट, म्हणजे 'एवढा निसर्ग सुधारला' असा विकायचा दाखला, छापलं नाही. पाणी बिघडलं की कंपनीला दुसऱ्या दिवशी कळतं.

दुसरं, पावती घेणारं. अमेरिकेत पाणथळ जागेवर भराव टाकायचा तर १९७२ च्या क्लीन वॉटर कायद्याखाली परवाना लागतो, आणि परवान्यासाठी भरपाई म्हणून दुसरीकडची पाणथळ सुधारलेली दाखवावी लागते. त्यातून मिटिगेशन बँका उभ्या राहिल्या. कोणीतरी आधीच पाणथळ सुधारून ठेवतो, क्रेडिट विकतो, रस्ता बांधणारा ते घेतो. रस्तेवाल्याला त्या पाणथळीत बेडूक आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याला परवान्याच्या फाइलीत लावायला कागद हवा.

माझं म्हणणं एवढंच: खाजगी पैसा मोठ्या प्रमाणावर आलाय तो या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागून. आणि हे गिऱ्हाईक माल तपासत नाही. मग बाजाराची रचना म्हणजे मुख्यतः मालाशिवाय पावती फाडता येणार नाही याची तजवीज. बाकी ॲप, ब्लॉकचेन, ट्रेडिंग प्लॅटफॉर्म हे सगळं लग्नातलं बँड-बाजा.

---

कुंपणावरचा | सोमवार, २१:५८

मी पयला. सावकाश वाचतो. 'बेडूक आहे की नाही' ला +१.

---

तिरकस | सोमवार, २२:३१

मुद्दा मांडलाय चांगला, पण तुम्ही मुळातच हार मानून सुरुवात केलीय. गिऱ्हाइकाला मालाची पडलेली नाही हे कबूल करून मग 'तजवीज' करायची म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देऊन वर वही ठेवायला सांगणं.

सल्फर डायऑक्साइडचा बाजार अमेरिकेत चालला. १९९० साली कायदा सुधारला, १९९५ पासून व्यवहार सुरू झाले, आम्लपावसाला कारण असलेलं प्रदूषण उतरलं. पण तिथे टन म्हणजे टन होता आणि धुराड्यावर यंत्र बसवून तो मोजता येत होता. तळं म्हणजे तळं नसतं. एक चारशे वर्षांचं असतं, दुसरं गेल्या वर्षी जेसीबीने खणलेलं.

आणि जंगल-कार्बनचं काय झालं ते विसरलात? 'हे जंगल तुटणार होतं, आम्ही वाचवलं' म्हणून वाचलेल्या कार्बनची क्रेडिटं विकली. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात सहा देशांतल्या २६ प्रकल्पांचा अभ्यास आला. बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड म्हणावी तशी रोखलीच नव्हती, आणि जिथे रोखली तिथेही दाव्यापेक्षा बरीच कमी. 'तुटणार होतं' हा आकडा ज्याला क्रेडिट विकायचीत त्याच्या बाजूनेच बांधलेला. भविष्य सांगणाऱ्यालाच दक्षिणा, मग तो साडेसाती काढणारच की.

---

उंबरठा | सोमवार, २३:०५

तिरकस, जंगल-कार्बनबद्दल तुमच्याशी भांडण नाही, तेच माझं उदाहरण आहे. जॉर्ज अकेरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं कोडं मांडलं होतं: विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून हटतात. इथे त्याच्याही पुढची गत आहे. जुनी गाडी घेणारा निदान बॉनेट उघडून बघतो, कारण उद्या रस्त्यात तोच अडकणार असतो. पावतीवाल्याला खोड कळली तरी तो गप्प बसतो, त्याला स्वस्तात कागद मिळतोय. घेणारा खूश, विकणारा खूश, आणि ज्याच्या नावाने व्यवहार चाललाय तो टेबलावर नाहीच.

म्हणून 'खरेदी-विक्री पारदर्शक करा, बाकी बाजार बघून घेईल' हे इथे लागू होत नाही. दर्जाची काळजी तिसऱ्याच कोणीतरी घ्यावी लागते, आणि तिचा खर्च किमतीत धरावा लागतो.

---

हिशेबनीस | मंगळवार, ०८:१२

मी अशा प्रकल्पांना कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या टेबलावर बसतो, म्हणून पलीकडची बाजू.

आमच्याकडे प्रस्ताव येतो त्यात फुलपाखरांची चित्रं बारा पानं आणि रोखीचा तक्ता अर्धं पान. आम्ही अर्ध्या पानापासून सुरुवात करतो. दलदल सुधारेल का, ही जोखीम आम्हाला समजते. पाऊस कमी, रोपं मेली, पुन्हा लावली, हे सगळं शेतीकर्जासारखं आहे. घाम फुटतो तो मागणीच्या जोखमीने. कारण मागणी कायद्याच्या एका वाक्यावर उभी असते आणि ते वाक्य कोणीतरी बदलतो.

उंबरठा यांनी दिलेलंच उदाहरण पुढे नेतो. २५ मे २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्यात निकाल दिला की नदी-तलावाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळीच फेडरल संरक्षणात. बाकीच्या बाहेर. एका दिवसात कित्येक पाणथळींवर भराव टाकायला तो परवानाच नको झाला. परवाना नको म्हणजे क्रेडिट नको. ज्या मिटिगेशन बँकवाल्याने पाच वर्षं आधी जमीन घेऊन, चर बुजवून, रोपं लावून माल तयार ठेवला, त्याच्या मालात काही खोट नव्हती. गिऱ्हाईकच उठून गेलं.

इंग्लंडमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना निसर्गात १० टक्के निव्वळ वाढ दाखवणं सक्तीचं झालं, २ एप्रिलपासून लहान बांधकामांनाही. वर्ष उलटतंय तोवर २०२५ मध्ये सरकारनेच लहान बांधकामांना सूट वाढवण्यावर सल्लामसलत काढली. चर्चा सुरू झाल्याबरोबर माझ्यासारखा माणूस व्याजदर वाढवून मागतो. सूट प्रत्यक्षात किती मिळते हा पुढचा प्रश्न. नियम मऊ की कडक याच्याइतकंच तो दहा वर्षं टिकेल का हे महत्त्वाचं.

यावर मला आवडलेला एक उपाय सांगतो, त्याची चर्चा फार होत नाही. इंग्लंडमध्येच वुडलँड कार्बन गॅरंटी नावाची ५ कोटी पौंडांची योजना होती. झाडं लावणारे लिलावात बोली लावायचे, आणि ज्यांची बोली लागली त्यांच्या झाडांतल्या कार्बनला २०५५-५६ पर्यंत महागाईशी जोडलेला ठरलेला भाव. गंमत अशी की सरकारलाच विका अशी सक्ती नाही. बाजारात जास्त मिळाला तर तिकडे विका, नाहीतर सरकार घेईल. असा कागद घेऊन माणूस माझ्या टेबलावर आला की माझं निम्मं काम संपतं. सरकारला हमी दिल्याबद्दल लगेच पैसाही काढावा लागत नाही.

---

वकिली बाणा | मंगळवार, ०९:४७

हिशेबनीस यांनी मागणीचं सांगितलं, मी मुदतीचं सांगतो. इंग्लंडच्या १० टक्के वाढीच्या योजनेत सुधारलेला अधिवास (कुरण, तळं, रान अशी वनस्पती-प्राण्यांची जागा) ३० वर्षं सांभाळायचाय. कंपन्यांचं सरासरी आयुष्य बघा आणि ३० वर्षं बघा. म्हणून करार माणसाशी किंवा कंपनीशी करून भागत नाही, तो जमिनीला चिकटवावा लागतो. तिथे त्याला दोन वाटा आहेत: स्थानिक परिषदेशी (तिथली नगरपालिकाच) नियोजनाचा करार, नाहीतर संवर्धन-कॉव्हेनंट. २०२१ च्या पर्यावरण कायद्याने आणलेली ही दुसरी वाट. जमीन विकली गेली तरी बंधन नव्या मालकाच्या बोकांडी. शिवाय बांधकामाच्या आवाराबाहेरच्या जागेवरची प्रत्येक सुधारणा राष्ट्रीय नोंदवहीत चढवावी लागते, म्हणजे एकच कुरण दोघांना विकता येत नाही.

अमेरिकेत २००८ च्या नियमाने आणखी दोन गोष्टी घातल्या, माझ्या मते त्याच खऱ्या. एक, सगळी क्रेडिटं एकदम हातात देत नाहीत. जमिनीवर बंधन नोंदवलं की थोडी, पाणी परत आलं की थोडी, ठरलेली झाडं जगली की पुढची. दोन, मिटिगेशन बँकवाल्याने आर्थिक हमी द्यायची आणि पुढच्या देखभालीचा पैसा कुठून येणार ते आधी दाखवायचं. उद्या तो बुडाला तरी तण काढायला कोणीतरी येईल एवढी सोय. हे सगळं एका दिवसात सुचलेलं नाही. २००१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासलं तेव्हा 'एकूण पाणथळ कमी होऊ देणार नाही' हे उद्दिष्ट साधत नसल्याचं निघालं होतं. बऱ्याच भरपाया कागदावरच होत्या.

---

तिरकस | मंगळवार, १०:२०

म्हणजे कायदा १९७२ चा आणि शहाणपण २००८ चं. छत्तीस वर्षांत किती तळी बुजली त्याची पावती कोणाकडे आहे?

---

कुंपणावरचा | मंगळवार, १०:२४

फाइलीत असेल. कसर लागलेली. तेवढीच जैवविविधता.

---

गोगलगाय | मंगळवार, २२:५०

दिवसभर शेतात होते, आत्ता वाचलं. मी इंग्लंडमध्ये हीच मोजणी करते, त्यामुळे 'तजवीज' कशी दिसते ते जमिनीवरून सांगते. थोडं लांबेल.

१० टक्के वाढीच्या योजनेत निसर्ग 'युनिटां'त मोजतात, त्याचं गणित असं: क्षेत्रफळ गुणिले त्या अधिवासाचं वेगळेपण गुणिले त्याची अवस्था. (आणखी एक गुणक असतो, जागेचं स्थानिक महत्त्व, तो इथे १ धरा.) वेगळेपणाला ० ते ८ गुण. खत घालून घालून एकसुरी झालेलं गवत २, फुलांचं साधं कुरण ४, त्याच्या वर दुर्मीळ अधिवास ६ नि ८. अवस्था निकृष्ट असेल तर १, मध्यम २, चांगली ३. ज्याला भरपाई नसतेच, उदाहरणार्थ प्राचीन जंगल, ते या गुणाकारात येत नाही, त्याचे नियम वेगळे.

आता दोन हेक्टरचं एकसुरी गवत घ्या, तिथे घरं होणारेत. निकृष्ट असेल तर २ × २ × १ = ४ युनिटं. मध्यम असेल तर ८. दहा टक्के वाढ धरून बिल्डरने एकतर ४.४ दाखवायची नाहीतर ८.८. या दुपटीचा निकाल कशावर लागतो? एक मीटर बाय एक मीटरची चौकट गवतात टाकायची आणि आत किती जातीच्या वनस्पती आहेत ते मोजायचं. एकसुरी गवतात सरासरी सहा जाती भरल्या नाहीत तर मध्यम देताच येत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गुडघ्यावर बसून सातव्या चौकटीत. रायगवत, पांढरा क्लोव्हर, डँडेलियन, बटरकप, एक मेडो ग्रास. पाच. सहावं म्हणजे पानांच्या बुडाशी चिकटलेली प्लँटेन नावाच्या रानरोपाची एवढीशी पानं, करंगळीच्या नखाएवढी. मी लिहिलं. ज्यांनी काम दिलं होतं त्यांचा माणूस माझ्या मागे उभा. म्हणाला, "ते मोजायचं? ते तर उद्या मरेल." मी म्हटलं, आज जिवंत आहे. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातून फोन: 'सर्वेक्षण थोडं उशिरा, कापणीनंतर केलं असतं तर चाललं असतं का?' धमकी नाही, काही नाही, अगदी गोड बोलणं. पुढच्या कामाला त्यांनी दुसऱ्याला बोलावलं.

आपल्या जमिनीवर सुधारणा करून बिल्डरला युनिटं विकणाऱ्याकडे गेलं की सगळं उलटं. तिथे आजचं गवत निकृष्ट आणि पाच वर्षांनंतरचं कुरण 'चांगलं' हवं असतं. बिल्डरलाही आजची जमीन वाईट दिसायला हवी, विकणाऱ्यालाही. पैसे देणारे दोन्ही तेच, आणि मोजणारी मी. उंबरठा, तुमच्या भाषेत पावतीवर सही करणारी.

तरी गुणाकारात काही चांगल्या गोष्टी घातल्यात हे मान्य करायला हवं. 'उद्या' होणाऱ्या कुरणाला आजच्या कुरणाची किंमत नाही: वर्षाला ३.५ टक्के कापले जातात. दोन हेक्टरवर मध्यम अवस्थेचं फुलांचं कुरण करायचं ठरवलं तर २ × ४ × २ = १६, पण त्याला पाच वर्षं लागणार असतील तर हातात येतात साधारण १३.४. त्यातून आधीची ४ वजा. अवघड अधिवासाला अजून कात्री, लांबच्या जागेला अजून. नुसती वचनं विकणाऱ्याला हे टोचतं, ते बरं आहे.

बिल्डरला बाजारात युनिट मिळालंच नाही तर शेवटचा पर्याय म्हणून सरकारकडून क्रेडिट घेता येतं. त्याचा भाव मुद्दाम चढा ठेवलाय: २०२४ मध्ये सर्वांत साध्या अधिवासाला ४२,००० पौंड, काही प्रकारच्या तलावांना ६,५०,०००, आणि वर एका युनिटला दोन क्रेडिटं. हेतू हाच की कोणी आळसाने सरकारी खिडकीवर येऊ नये, शेजारच्या शेतकऱ्याकडे जावं.

---

शेतबांध | बुधवार, ०७:३५

गोगलगायताई, दंडवत. नखाएवढ्या प्लँटेनवर ४.४ युनिटं लटकलेली, हे चित्र डोक्यातून जाईना.

सरकारी खिडकीच्या भावाचा मुद्दा अधोरेखित करतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सची भरपाई योजना याच दगडावर ठेचकाळली. तिथे बिल्डरला फंडात पैसे भरून मोकळं होता येतं, मग योग्य क्रेडिट शोधून घ्यायची डोकेदुखी फंडाची. २०२२ मध्ये तिथल्या महालेखापालांनी ताशेरे ओढले की लागणारी क्रेडिटं आणि उपलब्ध क्रेडिटं यांचा मेळ बसत नाही. कारण समजण्यासारखं आहे. 'या जातीच्या बदल्यात हीच जात' असा नियम केला की निसर्गाच्या दृष्टीने चोख, पण प्रत्येक जातीचा वेगळा बाजार, आणि त्या बाजारात वर्षाला एखादंच गिऱ्हाईक. नियम सैल केला, 'कुठलंही कुरण चालेल' म्हटलं, की गिऱ्हाईक भरपूर पण दुर्मीळ जागा विकून साधी जागा घेतली जाते. हा पेच सोडवलेला मी कुठे पाहिला नाही. इंग्लंडने मधला रस्ता काढलाय: दुर्मिळाच्या बदल्यात तेच, साध्याच्या बदल्यात तितकंच किंवा वरचं.

आता विकणाऱ्याची बाजू, ती या धाग्यात अजून आलीच नाही. ३० वर्षं म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने पोराच्या वाटणीवर सही. धान्याचा भाव चढला तरी ते शेत आता कुरणच राहणार. शिवाय दोन-चार हेक्टरवाल्याला सर्वेक्षण, वकील, नोंदणी यांचा खर्चच परवडत नाही. म्हणून बाजार आपोआप मोठ्या जमीनदारांकडे आणि फंडांकडे सरकतो. लहानांना एकत्र बांधणारा मध्यस्थ लागतो, आणि मध्यस्थ आला की त्याची टक्केवारी आली.

भाव कसा ठरवायचा यावर ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्याने २००१ मध्ये केलेला प्रयोग मला अजून भारी वाटतो. सरकारने दर जाहीर केला नाही. शेतकऱ्यांना सांगितलं की तुमच्या शेतातलं मूळचं रान सांभाळायला, कुंपण घालायला, गुरं बाहेर ठेवायला किती घ्याल ते बंद लिफाफ्यात लिहून द्या. मग प्रत्येक बोलीत एका डॉलरमागे किती निसर्ग पदरात पडतो ते लावून वरून निवडत गेले. ज्याला ते रान मनापासून आवडतं तो कमी मागतो, हे लिफाफ्यातच कळतं. एकच सपाट दर लावला की हे कळायला मार्ग नसतो.

---

मृगजळ | बुधवार, १२:०३

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: कोस्टारिकाचं नाव सगळीकडे येतं, ते यात कुठे बसतं?

---

शेतबांध | बुधवार, १३:१५

मृगजळ, बाळबोध नाही. कोस्टारिकाने १९९६ साली वनकायदा केला आणि १९९७ पासून जंगल राखणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून. आज देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर जंगल आहे. पण दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. गिऱ्हाईक तिथे सरकार होतं, खाजगी पैसा चिमूटभर. आणि त्याच कायद्याने जंगल तोडून दुसरा वापर करायला बंदीही घातली होती. मग पैसे नसते दिले तर किती तुटलं असतं? अभ्यासक यावर अजून भांडतात. माझं मत: पैशांनी बंदी पचायला मदत केली. तेही काम छोटं नाही.

---

हिशेबनीस | बुधवार, २१:२२

'खाजगी पैसा' या शब्दावर थोडं अवांतर. मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेने गेंड्यांचा बाँड काढला: १५ कोटी डॉलर, पाच वर्षं, दक्षिण आफ्रिकेतल्या दोन अभयारण्यांतल्या काळ्या गेंड्यांसाठी. गुंतवणूकदार व्याज सोडतो, ते पैसे अभयारण्यांना जातात, आणि गेंड्यांची संख्या ठरल्याप्रमाणे वाढली तर शेवटी त्याला बक्षीस. बातम्यांत 'वॉल स्ट्रीट गेंडे वाचवणार' वगैरे. आता बघा: मुद्दल परत देणार जागतिक बँक, बक्षीस देणार ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी (देशांच्या वर्गणीचा निधी), म्हणजे फिरून सरकारांचाच पैसा. गुंतवणूकदाराने उचललेली जोखीम म्हणजे बुडालेलं व्याज. वाईट सौदा नाही, निकालावर पैसे देण्याची शिस्त त्यात आहे. पण शेवटचा चेक कोण फाडतंय ते बघायची सवय लावून घ्या.

याच्या शेजारी कॅलिफोर्नियातला २०१८ चा युबाचा फॉरेस्ट रेझिलियन्स बाँड ठेवा. रक्कम किरकोळ, ४० लाख डॉलर. वणवा भडकू नये म्हणून जंगल विरळ करायचं, खाजगी गुंतवणूकदारांनी आधी पैसा घालायचा, आणि नंतर फेडणार त्या पाणलोटातली पाणी एजन्सी आणि राज्य. का फेडेल? वणवा लागला की राख आणि गाळ तिच्याच धरणात येणार. उंबरठा, हे तुमचं पाणी पिणारं गिऱ्हाईक. ते सापडतं, पण प्रत्येक दरीत वेगळं शोधावं लागतं, आणि दोन दऱ्यांचे करार एकसारखे नसतात. माझ्यासारख्याला त्यात व्याप फार, रक्कम कमी.

---

तिरकस | बुधवार, २१:५०

वणव्यावरून आठवलं. त्याच कॅलिफोर्नियाच्या कार्बन बाजारात जंगलांच्या क्रेडिटमधून थोडी बाजूला काढून ठेवतात, जळालं-बिळालं तर भरपाई म्हणून. शंभर वर्षं पुरतील या हिशेबाने. २०२२ चा अभ्यास म्हणतो की आगीसाठी ठेवलेला वाटा दहा वर्षांच्या आतच जवळपास संपला. तुमची तिसऱ्याने घ्यायची दर्जाची काळजी ती हीच ना? तिसरासुद्धा गेल्या शतकाच्या हवामानावरच गणित मांडतो.

---

उंबरठा | गुरुवार, २०:१५

तिरकस, हा घाव बरोबर बसला. माझी तजवीज धरून चालते की धोका मोजता येतो.

पण तुमचा सूर 'बाजारच नको' असा दिसतो, त्यावर मी येत नाही. बाजार नसताना काय होतं? रस्ता तसाही होतो, पाणथळ तशीच जाते, आणि भरपाई शून्य. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी 'इथे हातच लावायचा नाही' ही यादी, मग टाळता येईल ते टाळणं, आणि उरलेल्याची भरपाई बाजारातून. गोगलगायताईंनी सांगितलं ना, प्राचीन जंगल गुणाकाराच्या बाहेर. ती बाहेरची यादी जितकी लांब तितका आतला बाजार कमी धोक्याचा.

आणि मोजणाऱ्याचा पगार. यावर मी आता पक्का झालोय. बिल्डरने आणि विकणाऱ्याने सर्वेक्षणाची फी एका सामायिक खात्यात भरावी, आणि कोण मोजायला जाणार ते चिठ्ठी काढून ठरावं. ताई, चालेल का?

---

गोगलगाय | गुरुवार, २३:३०

चालेल. पळेलसुद्धा. पण आमच्यातलेच बरेच विरोध करतील, कारण गिऱ्हाईक टिकवून ठेवलेली मोठी फर्म चिठ्ठीत का उतरेल?

त्याहून मला वेगळी काळजी आहे. पहिली मोजणी सगळे करतात, कारण तिच्याशिवाय परवानगी अडते. नंतरच्या मोजणीवर कोणाचंच काही अडत नाही. बांधकामाच्याच आवारात केलेली सुधारणा तर बघायला जाणार कोण? परिषदेच्या नियोजन खात्यात पर्यावरणतज्ज्ञ एखादा असला तर नशीब.

---

वकिली बाणा | शुक्रवार, ०९:०८

नंतरच्या मोजणीत नापास झालं तर तुमच्या अनुभवात पुढे काय होतं? कराराची कलमं मला पाठ आहेत, प्रत्यक्षातलं सांगा.

---

गोगलगाय | शुक्रवार, २२:१०

याच आठवड्यातलं सांगते. सोमवारी-मंगळवारी मी तिथेच होते.

नियम सक्तीचा होण्याआधी स्थानिक परवानगीच्या अटीखाली ज्याची युनिटं विकली गेली असं एक शेत. एकसुरी गवताचं फुलांचं कुरण करायचं होतं. त्यासाठी यलो रॅटल नावाचं रोप पेरतात. ते मुळांतून गवताचं अन्न चोरतं, गवत दबतं, मग बाकीच्या फुलांना जागा होते. बिया पिकल्या की बोंडात खुळखुळतात, चालताना पायाशी ऐकू येतं. मी तिसऱ्या वर्षाची मोजणी करत होते. फाटकाकडच्या एका पट्ट्यात खुळखुळ, आणि पुढे सगळं शांत. रायगवत गुडघ्याएवढं. पेरणीच्या वेळी जमीन नीट उघडी केली नव्हती, बी गवताच्या गादीवर पडून वाया गेलं. चौकटीत कुठे पाच जाती, कुठे सहा. आराखड्यात या वर्षी नऊ हव्या होत्या.

ज्या बांधकामासाठी युनिटं घेतली होती तिथे लोक राहायला येऊन दीड वर्ष झालं. बिल्डरची जबाबदारी खरेदीच्या दिवशीच संपली. शेतमालकाच्या गळ्यात करार आहे, त्यात 'सुधारणात्मक कृती' असं कलम आहे. मी अहवालात लिहिलं: पट्टा सोडून बाकी शेत खरवडून पुन्हा पेरणं. तो चिडला नाही. बियाण्याचा भाव किती झालाय एवढंच विचारलं, आणि युनिटांच्या पैशातलं काय उरलंय ते बायकोला विचारून सांगतो म्हणाला.

सप्टेंबरात पेरणार आहे. मला पुढची मोजणी पाचव्या वर्षी ठरलीय, मधल्या वर्षाचे पैसे कोणी देत नाही. तरी जूनमध्ये त्या बाजूला एक काम आहे, फाटकापाशी थांबून ऐकेन.

---

कुंपणावरचा | शुक्रवार, २२:१८

रेकॉर्ड करून इथे टाका.